‘मालक’, ‘मनाई’ आणि ‘मालमत्ता’ : नोकरीविषयक वादांतील अंतरिम आदेशांचे स्वरूप

१. प्रश्नाचे स्वरूप

न्यायालयात मिळालेला विजय आणि प्रत्यक्ष हाती पडलेला पैसा यांत फार मोठे अंतर असते. थकलेल्या पगाराचा, उपदानाचा किंवा बडतर्फीनंतरच्या भरपाईचा वाद वर्षानुवर्षे चालतो. अखेरीस निकाल कामगाराच्या बाजूने लागतो, हुकूमनामा हातात येतो आणि त्याची बजावणी करावयास जावे तो कारखान्यात यंत्रे नसतात, बँकेतील खाते रिकामे असते आणि जागा दुसऱ्याच्या नावावर चढलेली असते. असा निकाल कागदावर निर्दोष आणि व्यवहारात निरर्थक ठरतो. निकालापूर्वीच प्रतिपक्षाची मालमत्ता जागच्या जागी रोखून धरण्याचा उपाय कायद्याने निर्माण केला तो या अनर्थावर तोड म्हणून.

या उपायाचे विवेचन कायदेपंडितांनी केले आहे व ते त्यांनीच करावयास हवे. परंतु या विषयाला एक भाषिक बाजूही आहे आणि ती दुर्लक्षिली गेली आहे. मराठीत ‘मनाई’, ‘जप्ती’, ‘बोजा’, ‘जैसे थे’ आणि ‘मालक’ हे शब्द कामगारवस्तीतही सर्रास वापरले जातात. ते परके वाटत नाहीत, म्हणूनच त्यांतील भेद नजरेतून निसटतात. ‘कोर्टाने मालकाच्या मालमत्तेवर मनाई आणली’ असे वाक्य ऐकणाऱ्यास आपले पैसे आता सुरक्षित झाले असे वाटते. ते झालेले असतातच असे नाही. या शब्दांच्या अर्थमर्यादा कोणत्या आणि त्या मर्यादांमागे कायद्याचे कोणते तत्त्व आहे, एवढेच स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन ठोस व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. एका खाजगी मर्यादित कंपनीच्या कारखान्यात १२० कामगार आहेत. प्रत्येकाचा दरमहा सरासरी १५,००० रुपये याप्रमाणे ७ महिन्यांचा पगार थकला आहे. एकूण मागणी १ कोटी २६ लाख रुपयांची होते. जमीन भाडेपट्ट्याची आहे. यंत्रे बँकेकडे नजरगहाण आहेत. कंपनीच्या खात्यात ४० लाख रुपये आहेत आणि ग्राहकांकडून काही येणे आहे. संचालकाचा एक बंगला आहे, तो त्याच्या पत्नीच्या नावावर आहे. रात्री मालमोटारी येऊन यंत्रे हलवू लागल्याची वार्ता आहे. अशा स्थितीत कामगारांनी न्यायालयाकडे नेमके काय मागावे?

२. ‘तूर्त’ या शब्दाचे दोन अर्थ

महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत निकालापूर्वीच्या मनाईस ‘तूर्तातूर्त मनाई’ म्हणण्याचा प्रघात आहे. दाव्याच्या कागदपत्रांत तिच्या अर्जाला परंपरेने पाचवा क्रमांक मिळतो, त्यामुळे वकिलांच्या बोलीत ‘निशाणी ५’ म्हणजेच मनाईचा अर्ज असे समीकरण होऊन बसले आहे. ‘तूर्त’ हा शब्द त्वरेचा अर्थ दाखविणाऱ्या संस्कृत कुळातला आहे. मराठीत मात्र त्याच्या ठिकाणी दोन अर्थछटा एकत्र नांदतात. ‘तूर्तातूर्त निघून ये’ म्हणताना निकड अभिप्रेत असते, तर ‘तूर्त एवढे पुरे’ म्हणताना तात्पुरतेपणा. या आदेशाचे वर्णन याहून नेमक्या शब्दात करणे कठीण आहे. तो तातडीने द्यावा लागतो, कारण उशीर झाला तर वाचविण्याजोगे काही उरत नाही. आणि तो तेवढ्यापुरताच असतो, कारण हक्काचा निर्णय अद्याप व्हावयाचा असतो.

या दोन गुणांत अंतर्विरोध आहे. ज्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतलेले नाही, त्याचे हात बांधण्याचा अधिकार न्यायालयाने कितपत वापरावा? भारतीय न्यायालयांनी त्यासाठी तीन कसोट्या रूढ केल्या आहेत. अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनी सकस असावी. आदेश न दिल्यास त्याचे भरून न येणारे नुकसान व्हावे. आणि दोन्ही पक्षांच्या सोयीगैरसोयीचा तोल त्याच्याकडे झुकावा. यांपैकी दुसरी कसोटी पैशाच्या दाव्यात अवघड जाते. पैशाचे नुकसान पैशाने भरून येते, असा प्रतिवाद नेहमी होतो. त्याला उत्तर एकच : पैसे देणाऱ्यापाशी काही उरलेच नाही तर ते भरून येत नाही. म्हणून मालमत्ताविषयक अर्जाचे सर्व बळ एका मुद्द्यावर येऊन ठेपते. मालमत्ता नाहीशी होण्याचा धोका खरा आहे, हे दाखवावे लागते.

३. तीन शब्द, तीन व्याकरणे

‘मनाई’, ‘जप्ती’ आणि ‘बोजा’ हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. त्यांची वाक्यरचना पाहिली तर मात्र भेद उघड होतो.

‘मनाई’ हा शब्द अरबी मूळचा असून निषेध हा त्याचा गाभा आहे. मराठीत तो व्यक्तीच्या चतुर्थीची आणि क्रियेची अपेक्षा करतो : ‘कंपनीला यंत्रे विकण्यास मनाई’. येथे आज्ञा व्यक्तीला आहे आणि यंत्रे ही केवळ त्या व्यक्तीच्या कृतीचे कर्म आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३९, नियम १ या स्वरूपाचा आहे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात, प्रतिवादी आपल्या धनकोंना फसविण्याच्या हेतूने मालमत्ता हलविण्याची किंवा तिची विल्हेवाट लावण्याची धमकी देत असेल वा तसा त्याचा इरादा असेल तर मनाई देता येते, असे स्पष्ट म्हटले आहे. मनाई मोडणाऱ्याविरुद्ध त्याच आदेशाच्या नियम २-अ प्रमाणे कारवाई होते. त्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि त्याला ३ महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. म्हणजे मनाईचा दंश मुख्यतः व्यक्तीला आहे.

‘जप्ती’ हाही अरबी मूळचाच शब्द. धरून ठेवणे, ताब्यात घेणे हा त्याचा अर्थ. त्याची रचना निराळी आहे : ‘यंत्रांची जप्ती’, ‘खात्यावर जप्ती’. येथे वस्तू षष्ठीत किंवा अधिकरणात येते आणि व्यक्ती वाक्यातून गळली तरी अर्थ पुरा होतो. निकालपूर्व जप्तीची तरतूद त्याच संहितेच्या आदेश ३८, नियम ५ मध्ये आहे. हुकूमनाम्याची बजावणी अडविण्याच्या किंवा लांबविण्याच्या हेतूने प्रतिवादी आपली मालमत्ता विकावयास अथवा न्यायालयाच्या हद्दीबाहेर न्यावयास निघाला आहे, अशी न्यायालयाची खात्री झाली, तर ते प्रथम त्याला तारण देण्यास किंवा तारण का देऊ नये याचे कारण दाखविण्यास सांगते. ही पायरी वगळून केलेली जप्ती १९७६ च्या दुरुस्तीप्रमाणे शून्य ठरते. प्रतिवादीने पुरेसे तारण दिले की जप्ती उठते. मात्र ती कायम असताना खाजगीरीत्या केलेले हस्तांतर, त्या जप्तीखाली बजावता येणाऱ्या मागण्यांपुरते, कलम ६४ अन्वये शून्य असते. म्हणजे जप्तीचा परिणाम वस्तूला चिकटतो आणि ती विकत घेणाऱ्यालाही तो बाधतो.

‘बोजा’ हा तिसरा शब्द. व्यवहारात बोजा म्हणजे ओझे. कायद्यात तो विशिष्ट मालमत्तेतून विशिष्ट रक्कम वसूल करण्याचा हक्क होय. ‘जमिनीवर बँकेचा बोजा आहे’ या वाक्यात जमीन आहे आणि बँकही आहे. कोणावर भार हे कळते आणि कोणाचा भार हेही कळते. मनाई आणि जप्ती या शब्दांच्या रचनेत ‘कोणाची’ या षष्ठीला, लाभार्थ्याच्या अर्थाने, जागाच नाही. ही केवळ व्याकरणाची गंमत नव्हे. मनाई मिळवून किंवा जप्ती आणून कामगार त्या मालमत्तेचा बोजाधारक होत नाही. जप्तीपूर्वी त्रयस्थांना असलेले हक्क तिने बाधित होत नाहीत, असे आदेश ३८ च्या नियम १० मध्येच म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने रामन टेक विरुद्ध सोलंकी ट्रेडर्स या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात हाच विचार मांडला : बिनतारणी कर्जाचे तारणी कर्ज करून देणे हा निकालपूर्व जप्तीचा हेतू नव्हे.

आपल्या उदाहरणातील यंत्रे नजरगहाण आहेत. त्यांच्यावर जप्ती आली तरी बँकेचा हक्क आधीचा राहील. ४० लाखांच्या खात्यावर आणि ग्राहकांकडील येण्यावर मात्र, त्यांवर बँकेचे तारण नसेल तर, जप्तीचा खरा उपयोग आहे. कामगारांची पहिली नजर साहजिकच यंत्रांवर जाते, कारण ती डोळ्यांना दिसतात. परंतु अनेकदा न दिसणारे येणे हेच अधिक मोलाचे असते.

४. इंग्लंडातील उलटा प्रवास

हिंदी संहितेने १९०८ पासून शब्दबद्ध केलेला हा उपाय इंग्लंडातील न्यायालयांपाशी दीर्घकाळ नव्हता. निकाल लागण्यापूर्वी ऋणकोला त्याच्या मालमत्तेच्या विनियोगापासून रोखता येत नाही, असा दंडक लिस्टर विरुद्ध स्टब्ज या १८९० च्या निर्णयाने पक्का केला होता. तो १९७५ साली मोडला. मारेव्हा नामक जहाजाच्या मालकांचे भाडे थकले होते. भाडेकरूंनी तेच जहाज पुढे भारत सरकारसाठी भाड्याने दिले होते आणि त्यापोटी लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयाकडून आलेली रक्कम तेथील एका बँकेत पडून होती. ती देशाबाहेर गेली असती तर मालकांना हात चोळीत बसावे लागले असते. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने ती रोखली. पुढे अशा आदेशाला ‘मारेव्हा’ हेच नाव पडले, १९८१ च्या कायद्यात त्याला आधार मिळाला आणि १९९९ च्या नव्या दिवाणी नियमांनी त्याला ‘गोठविण्याचा आदेश’ असे अर्थवाही नाव दिले.

नामांतराची ही कथा भाषाभ्यासकास उद्बोधक आहे. ‘मारेव्हा’ हे विशेषनाम काहीच सांगत नव्हते, पण त्यामुळे ते चुकीचेही काही सांगत नव्हते. ‘गोठविणे’ हे रूपक सर्वांना समजते, परंतु ते वस्तूकडे बोट दाखविते. आदेश खरा आहे तो व्यक्तीला. पाणी गोठावे तशी मालमत्ता काही गोठत नाही. इंग्लंडातही हा आदेश धनकोला तारण देत नाही आणि धंद्याच्या नेहमीच्या ओघातील खर्च, वकिलांची फी, उपजीविकेची रक्कम यांना त्यात मोकळीक ठेवली जाते. आपल्या वृत्तपत्रांतून ‘खाती गोठविली’ हा प्रयोग रुळला आहे. तो वापरताना एवढे ध्यानात ठेवावयास हवे.

५. ‘मालक’ कोण?

आता सर्वांत अधिक घोटाळा करणाऱ्या शब्दाकडे वळू. मराठी कामगार नोकरी देणाऱ्यास ‘मालक’ म्हणतो. हा शब्द मुळात स्वामित्वाचा आहे. गिरणीमालक, हॉटेलमालक, घरमालक या सर्वांत तो स्वामित्वच दाखवितो. कायद्याच्या मराठीने त्याच्या जागी ‘नियोक्ता’ हा शब्द योजला, तेव्हा त्याच्या कृत्रिमतेबद्दल पुष्कळ थट्टा झाली. परंतु ‘नियोक्ता’ या शब्दाने एक आवश्यक भेद केला आहे. तो फक्त कामावर नेमण्याचा संबंध सांगतो, वस्तूच्या स्वामित्वाविषयी मौन पाळतो.

आपल्या उदाहरणात नियोक्ता कंपनी आहे. जमिनीची मालक ती नाही, यंत्रांवर तिचा निर्वेध हक्क नाही आणि बंगला तर तिचा मुळीच नाही. कंपनी ही तिच्या भागधारकांहून भिन्न अशी विधिमान्य व्यक्ती आहे, हे तत्त्व सॉलोमन खटल्याने १८९६ मध्येच प्रस्थापित केले. कामगाराच्या मनात मात्र ‘मालक’ ही हाडामांसाची व्यक्ती असते. ती बंगल्यात राहते, मोटारीतून येते, आणि म्हणून ‘मालकाची मालमत्ता’ या शब्दप्रयोगात बंगला आणि मोटार आपोआप येतात. अर्जात ती तशीच आली की प्रतिपक्षाच्या वकिलाचे काम सोपे होते. बंगल्यापर्यंत पोहोचावयाचे असेल तर कंपनीचाच पैसा धनकोंना चुकविण्यासाठी तेथे वळविला गेला, हे स्वतंत्रपणे मांडून त्यासाठी पुरावा द्यावा लागतो. शब्दाने दिलेली हमी पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

६. कोणाकडे जावे?

मालमत्ता कोणती हे ठरल्यावर दार कोणते हा प्रश्न येतो. नोकरीच्या वादात दिवाणी न्यायालयाचे दार नेहमीच उघडे नसते. मुंबईतील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये, म्हणजे मारेव्हाच्याच वर्षी, याची विभागणी करून दिली. हक्क सामान्य कायद्यातून उद्भवत असेल तर कामगारास दिवाणी न्यायालय किंवा औद्योगिक यंत्रणा यांतून निवड करता येते. हक्कच औद्योगिक कायद्याने निर्माण केला असेल तर त्या कायद्याने सांगितलेल्या मार्गानेच जावे लागते.

वेतनाच्या मागणीपुरता १९३६ च्या वेतनप्रदान अधिनियमाने दिवाणी दावा वर्ज्य केला होता. त्याची भरपाई म्हणून की काय, १९५७ च्या दुरुस्तीने त्यात कलम १७-अ घालण्यात आले. त्याची रचना अभ्यासनीय आहे. देय ठरू शकणारी रक्कम नियोक्ता चुकविण्याचा संभव आहे, अशी प्राधिकाऱ्याची खात्री झाली तर त्या रकमेस पुरेल एवढ्या मालमत्तेची सशर्त जप्ती त्यास करता येत असे. नियोक्त्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावयाची, परंतु विलंबाने न्यायाचा हेतूच विफल होणार असेल तर ती पायरीही टाळता येत असे. ‘चुकविण्याचा संभव’ ही शब्दयोजना ‘अडविण्याच्या हेतूने’ या संहितेतील शब्दयोजनेपेक्षा सौम्य आहे. हेतू मनात असतो आणि सिद्ध करणे कठीण. संभव परिस्थितीवरून दिसतो. तीन-चार शब्दांच्या फरकाने पुराव्याचे ओझे किती हलके होते, याचे हे उत्तम उदाहरण होय. वेतनसंहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि १९३६ चा अधिनियम तिच्यात विलीन होऊन रद्द झाला. त्याच दिवशी औद्योगिक संबंध संहितेने १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाची जागा घेतली. त्यामुळे आपली मागणी कोणत्या तारखेची आणि कोणत्या कायद्याखालची, हे आता प्रत्येक अर्जदारास प्रथम ठरवावे लागते.

औद्योगिक न्यायाधिकरणास अंतरिम साहाय्य देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल इंपीरियलच्या प्रकरणात १९५९ मध्ये मान्य केले होते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाने कलम ३० (२) मध्ये त्याहून विस्तृत भाषा वापरली. न्यायालयास ‘न्याय्य व योग्य’ वाटेल असा कोणताही अंतरिम आदेश, त्यात प्रतिबंधक आदेशही आला, देण्याचा अधिकार तेथे आहे. बंद पडत चाललेल्या कारखान्यातून यंत्रे हलवू नयेत, जागेत त्रयस्थाचे हितसंबंध निर्माण करू नयेत, अशा मागण्या महाराष्ट्रात या कलमाच्या आधारे केल्या गेल्या. तडजोडीचा किंवा निवाड्याचा भंग हीही त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरविल्यामुळे, पैशाची साधी थकबाकीदेखील कित्येकदा त्या कक्षेत आली.

७. आदेशाचे शब्द

आदेश मिळाला तरी त्याचे शब्द कसे आहेत यावर पुष्कळ अवलंबून असते. येथे भाषेचा अभ्यास थेट उपयोगी पडतो.

पहिला प्रश्न कर्त्याचा. ‘प्रतिवादी कंपनीने, तिच्या संचालकांनी, नोकरांनी वा मुखत्यारांनी पुढील मालमत्ता विकू नये’ ही कर्तरी रचना आहे. कोणावर बंधन आहे हे तीत उघड आहे. ‘पुढील मालमत्ता विकली जाऊ नये’ ही कर्मणी रचना कानाला तितकीच ठाम वाटते, पण तिच्यातून कर्ता निघून गेला आहे. उद्या मालमत्ता विकली गेली तर आज्ञाभंग कोणी केला? व्यक्तीला शिक्षा करणाऱ्या उपायात व्यक्तीचा उल्लेखच नसावा, हा दोष मोठा आहे.

दुसरा प्रश्न क्रियापदांचा. ‘विकू नये’ एवढेच म्हटले तर गहाण टाकणे, भाडेपट्ट्याने देणे, बक्षीस देणे, हलविणे हे सारे मोकळे राहते. न्यायालयीन मराठीतील क्रियापदांची लांबलचक माळ वाचकास कंटाळवाणी वाटते. ती पाल्हाळ नव्हे. प्रत्येक क्रियापदाने एकेक पळवाट बुजविलेली असते.

तिसरा प्रश्न ‘जैसे थे’ या प्रयोगाचा. यातील ‘थे’ हे हिंदी वळणाचे भूतकालवाचक रूप मराठीत एवढ्या एकाच ठिकाणी घट्ट रुतून बसले आहे. ‘जैसे थे’ म्हणजे पूर्वी जसे होते तसे. परंतु पूर्वी म्हणजे केव्हा? दावा दाखल झाला तेव्हा, की आदेश झाला तेव्हा? आपल्या उदाहरणात १० तारखेच्या रात्री यंत्रे हलविली गेली आणि ११ तारखेस ‘जैसे थे’चा आदेश झाला, तर तो आदेश रिकाम्या कारखान्याचे रक्षण करील. म्हणून आदेशात तारीख, जागा आणि वस्तूंची यादी हवी. अर्जदाराने यादी दिली नाही तर न्यायालय ती कोठून देणार?

चौथा प्रश्न ‘मनाई’ या शब्दाच्या अपुरेपणाचा. इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळात आज्ञा लादणे हा अर्थ आहे. त्यात करणे आणि न करणे ही दोन्ही सामावतात. ‘मनाई’ फक्त ‘नको’ म्हणते. हलविलेली यंत्रे परत आणा, मालमत्तेचे विवरण शपथेवर सादर करा, अशा होकारात्मक आदेशांना मनाई म्हणणे विसंगत आहे. परिभाषाकारांनी ‘व्यादेश’ हा शब्द काढला त्यामागे हीच अडचण होती. तो संस्कृतप्रचुर आहे, न्यायालयाच्या आवारात रुळलेला नाही, तरीपण त्याची गरज खरी आहे. मालमत्तेच्या विवरणाची मागणी हे अर्जाचे महत्त्वाचे अंग असताना ते अनेकदा राहून जाते. ‘मनाईचा अर्ज’ या नावामुळेच ती सुचत नसेल, असे मानावयास जागा आहे.

८. दुसरी बाजू

येथपर्यंत अर्जदाराच्या दृष्टीने विचार केला. परंतु हे शस्त्र दुधारी आहे. कंपनीची सर्व खाती अडविली तर कच्चा माल येणार नाही, काम थांबेल आणि उरलेल्या कामगारांचा चालू पगारही अडकेल. ज्यांच्या पगारासाठी आदेश मागितला त्यांच्याच पगारावर तो उलटावा, ही शक्यता काल्पनिक नाही. म्हणून मागणी मोजकी असावी : १ कोटी २६ लाखांच्या मर्यादेत, नावनिशीवार मालमत्तेपुरती, आणि चालू धंद्याच्या खर्चास मोकळीक ठेवून. एकतर्फी आदेश मागणाऱ्याने आपल्याला प्रतिकूल असलेली माहितीही लपवू नये. असा आदेश दिल्यास न्यायालयाने कारणे नोंदवावीत आणि अर्जाचा निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असा संहितेचा दंडक आहे. अपुऱ्या कारणांवर जप्ती किंवा मनाई मिळविणाऱ्याकडून कलम ९५ अन्वये ५०,००० रुपयांपर्यंत भरपाईही घेता येते. थकलेला पगार मागणाऱ्याला ही रक्कम क्षुल्लक नाही.

९. मनाईच्या पलीकडे

सर्वांत मोठी मर्यादा शेवटी सांगावयाची. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे कलम १४ लागू होते आणि कंपनीविरुद्धचे दावे व बजावण्या स्थगित होतात. कष्टाने मिळविलेली जप्तीही तेथे थबकते. त्या क्षणापासून प्रश्न ‘कोणी काय करू नये’ हा राहत नाही. ‘कोणाला आधी मिळावे’ हा होतो. म्हणजेच आपण मनाईच्या प्रांतातून बोजाच्या प्रांतात येतो.

या प्रांतात कामगारास कायद्याने हळूहळू स्थान दिले. १९८५ च्या दुरुस्तीने कंपनी अधिनियमात कामगारांचे देणे तारणी धनकोंच्या बरोबरीस आणले. २०१६ च्या संहितेच्या कलम ५३ ने, कंपनीच्या परिसमापनात, कामगारांच्या २४ महिन्यांच्या देण्यास तारण सोडून देणाऱ्या धनकोंबरोबर स्थान दिले; इतर कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांच्या पगारास त्याखालोखाल. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी व उपदान निधी यांतील रकमा तर परिसमापनाच्या मालमत्तेतच धरल्या जात नाहीत. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली, त्याच वर्षी दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या परिसमापनाचा आदेश दिला. दरम्यानच्या साडेपाच वर्षांत कर्मचाऱ्यांच्या लढ्याचा मोठा भाग निधी व उपदानाच्या रकमांभोवतीच फिरला, याचे कारण या तरतुदींत आहे.

मुंबईच्या गिरण्यांचा अनुभवही हेच सांगतो. १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने विक्रीस मोकळ्या झाल्या, तेव्हा कामगारांच्या देण्याचा प्रश्न केवळ विक्री रोखून सुटणारा नव्हता. विक्रीतून येणारा पैसा देखरेखीखालील स्वतंत्र खात्यात जावा, ही अट त्याहून मोलाची होती. मालमत्ता तशीच राखणे एक आणि तिचे मूल्य योग्य हातांत पोहोचविणे दुसरे.

१०. समारोप

या विवेचनातून काढावयाचा निष्कर्ष साधा आहे. मनाई व्यक्तीला थांबविते, जप्ती वस्तूला धरते, बोजा क्रम ठरवितो. पहिल्या दोहोंनी वेळ मिळतो. हक्क मिळत नाही. मिळालेल्या वेळात कामगाराने मूळ दावा नेटाने पुढे नेला नाही किंवा मालमत्तेवर आधीच कोणाचे तारण आहे याचा शोध घेतला नाही, तर तूर्तातूर्त आदेश हा नावाप्रमाणे तूर्तच ठरतो.

भाषेच्या अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. न्यायालयीन मराठीची परिभाषा घडविण्याचे कार्य भाषा संचालनालयाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, चालू आहे आणि शब्दसंख्येच्या दृष्टीने ते पुष्कळच झाले आहे. शब्दांच्या वाक्यरचनेचा, म्हणजे कोणता शब्द कोणत्या विभक्तीची अपेक्षा करतो आणि त्यातून कोणाचे दायित्व उघड होते वा झाकले जाते याचा, अभ्यास मात्र अजून व्हावयाचा आहे. जिल्हा न्यायालयांतील मराठी आदेशांचा असा संग्रह करून कर्तरी व कर्मणी रचनांची, क्रियापदांच्या माळांची आणि ‘जैसे थे’च्या तारखांची छाननी करणे हा पदव्युत्तर प्रबंधास योग्य असा विषय आहे. त्याचा उपयोग केवळ भाषाविज्ञानास होईल असे नाही. ‘विकू नये’ आणि ‘विकली जाऊ नये’ यांतील फरक ज्यांच्या ७ महिन्यांच्या पगाराशी निगडित आहे, त्यांनाही तो होईल.